चालू रीडिंग

सड्यावरच्या हाऊसिंग बोर्डाच्या वसाहतीत
सी-चार इमारतीचे मीटर जिन्याखाली आहेत,
सोळा, पत्र्याच्या एका पेटीत.
पेटी उघडताना हाताला गंज लागतो, लाल,
आणि पेटीवरून बोट फिरवलं की काळं.
काळं बंदरातून येतं.
जहाजातून उतरतं, वॅगनीत चढतं
आणि चढता-उतरता थोडं थोडं
आमच्या कपड्यांच्या दोरीवर मुक्कामाला राहतं.

म्हणून इथल्या खिडक्या बंद.
पश्चिमेला एवढा समुद्र, एवढा वारा,
आणि फटींत वर्तमानपत्राच्या घड्या.
वारा बाहेर ठेवायचा
आणि पंख्याकडून विकत घ्यायचा, युनिटमागे पैसे मोजून.
त्या युनिटसाठी घाटापलीकडे कुठेतरी
हाच कोळसा, नाहीतर याचा एखादा भाऊबंद जळत असणार,
असं कायतान म्हणतो.
एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली त्याने,
कोळशाचं गोत्र त्याला ठाऊक.

मार्चमध्ये बोर्डाचा कागद आला.
गच्चीला पांढरा लेप, जिन्यात कमी वॉटचे दिवे,
खिडक्यांना बारीक जाळी, धूळ अडेल, वारा येईल अशी.
वर ठळक शीर्षक: कार्बन कमी करण्याची योजना.
तळमजल्यावरच्या आवेलिनाने विचारलं,
‘कार्बन म्हणजे हाच, माझ्या वाळवणावर बसतो तो?’
इंजिनियर म्हणाला, तो वेगळा, तो दिसत नाही.
‘मग दिसतो त्याचं काय?’
इंजिनियरने टेप काढून खिडकी मोजायला घेतली.

आधी शिंपल्यांच्या चुन्याचे दोन हात, मग डब्यातला रंग.
गच्ची इतकी पांढरी झाली
की कायतानने डोळ्यांवर हात धरला,
‘इगर्जीची भिंत आडवी घातलीय,’ म्हणाला.
आठवड्यात ती राखाडी.
तेव्हापासून दर शनिवारी, वारा पडला की
तो हिरांचा खराटा घेऊन वर जातो,
केर रंगाच्या रिकाम्या डब्यात भरतो.
फेकत नाही. डब्यावर खडूने तारीख लिहितो.

मेचं रीडिंग मी घेतलं, गेल्या मेशी ताडून पाहिलं.
मळकर्णेकर: एकशे चाळीसचे एकशे बारा.
आवेलिनाचे नऊ कमी.
बार्रेटोंचे जसेच्या तसे, त्यांचा फ्रिज वीस वर्षांचा,
रात्रभर कण्हतो.
आणि वरच्या मजल्यावर, थेट गच्चीखाली,
हुसेनबी नदाफ: अडतीसचे एकोणपन्नास.

चष्मा पुसून परत वाचलं. एकोणपन्नास.
वर गेले. दुपारचे अडीच.
गेल्या वर्षी या वेळी खोली रिकामी असायची,
स्लॅब तापला की हुसेनबी मुलांना घेऊन
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायची,
मी तिला ओलांडून मीटरकडे जायचे.
आता खोलीत शिलाई मशीन, मोटर बसवलेलं,
शाळेच्या गणवेशांचे निळे तुकडे,
आणि धाकटा फरशीवर झोपलेला,
तोंड उघडं, कपाळ कोरडं.
‘बसता येतं आता,’ ती म्हणाली,
आणि चोरी सापडल्यासारखी, ‘जास्त आलं काय बिल?’

ऑफिसच्या फॉर्मात चार रकाने:
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक, कारण.
कारणाचा रकाना पेराएवढा.
साहेबांना सगळीकडे उणे चिन्ह हवंय.
मलाही हवंय,
त्या झोपलेल्या पोराला याच हवेत म्हातारं व्हायचंय.
पण पायरीवर काढलेल्या दुपारी
इतकी वर्षं कुणाच्या बचतीत जमा होत होत्या?

‘दुपारी घरात असतात,’ एवढं लिहिलं.
रकाना संपला.

उतरताना कायतान भेटला, डबा घेऊन.
सहज विचारलं, वजन किती असेल रे?
त्याने डबा पुढे केला.
मी रीडिंगची वही काखेत धरली,
मग खाली ठेवली,
दोन्ही हात लागले.